तळें राखी तो पाणी चाखी

“तळें राखी तो पाणी चाखी” ही म्हण आपल्याकडे बहुधा हंसत हंसत उच्चारिली जाते, आणि उच्चारणाऱ्याचा एक डोळा त्या वेळीं किंचित् मिटलेला असतो. कचेरींतील कारकुनानें दोन कागद घरीं नेले, देवस्थानच्या पंचानें ढिगांतला एखादा नारळ आपल्या पिशवींत टाकला, कीं ही म्हण साक्षीस बोलावून प्रकरण मिटवावयाचें असा प्रघात आहे. जें निंद्य आहे तें चालवून घेण्याची सोय म्हणून तिचा उपयोग होत आल्यामुळें तिच्या मूळ अर्थाकडे सहसा कोणी पाहात नाहीं. तो पाहूं गेल्यास तिच्यांत एक गंभीर नैतिक प्रतिज्ञा आहे असें दिसून येईल. राखणें आणि चाखणें या दोन क्रियांचा कांहीं न्याय्य संबंध आहे; जो राखतो त्यास चाखण्याचा अधिकार पोंचतो, आणि जो चाखतो त्याच्यावर राखण्याचा भार येतो, असें ती सांगते. हें खरें आहे काय? आणि खरें असल्यास, जें तळें कोणा एकाचें नसून सर्वांचें आहे तें राखावें कोणीं?

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. आपल्या राज्याच्या पूर्व टोंकास भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक जुनीं तळीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक लहान तळ्यांचा कारभार जिल्हा परिषदांकडे आहे. सरकारी दप्तरांत त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोकांनीं त्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें घेऊन ‘मामा तलाव’ असें सुटसुटीत नांव करून टाकिलें आहे. ‘माजी’ हें विशेषण वास्तविक मालगुजारास लागूं व्हावयाचें. कित्येक ठिकाणीं तें तलावासच लागूं झाल्यासारखें दिसतें.

ज्यांनीं हीं तळीं पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. वैनगंगेच्या खोऱ्यांत पाऊस थोडा पडतो असें नाहीं. वर्षास ५० इंचांच्या आसपास पडतो. परंतु भाताच्या दृष्टीनें पाऊस किती पडला यापेक्षां केव्हां पडला याची किंमत अधिक. भाद्रपद-आश्विनांत धान पोटरींत येण्याच्या सुमारास पावसानें पंधरा दिवस तोंड फिरविलें, कीं श्रावणांतील सगळी अतिवृष्टि व्यर्थ होते. म्हणून श्रावणांतलें पाणी आश्विनापर्यंत थोपवून धरणें हाच तेथील शेतीचा प्राण. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजानें ही विद्या जोपासली. जो तळें बांधील त्यास राजानें तळ्याखालची जमीन द्यावी, अशी परंपरा होती असें सांगतात. आणि नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधल्याची आख्यायिका त्या भागांत अद्यापि ऐकावयास मिळते. टेकड्यांमधील उतार हेरून मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यासाठीं तींत एक मोरी ठेवावयाची (तिकडे तिला तुडुम म्हणतात), आणि जास्तीचें पाणी वाहून जाण्यास कडेला सांडवा काढावयाचा. पुष्कळ ठिकाणीं वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यांत आणि त्याचा त्याहून खालच्या तळ्यांत, अशी माळच ओंवलेली असते.

आणि तळें म्हणजे केवळ भाताचें पाणी नव्हे. धीवरांचें सारें जीवित त्यांतील माशांवर. कांठावरचीं गुरें तेथेंच पाणी पितात, बायका तेथेंच धुणें धुतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरून तळ उघडा पडला कीं त्या ओल्या जमिनींत गाळपेर होते. गाळ गाडींत घालून शेतांत नेला कीं तेंच खत. शिंगाडा आणि कमळाचे कांदे पोटास आधार देतात. गोंदियाच्या बाजूस जे थोडे सारस पक्षी उरले आहेत, त्यांचें जोडपें याच पाणथळ जागीं आणि लगतच्या धानाच्या बांध्यांत घरटें करतें. आतां या सर्वास मिळून ‘मत्ता’ म्हणावयाचें झाल्यास ती नैसर्गिक कीं सामाजिक? पाळ माणसानें घातली, पाणी आकाशांतून आलें, मासे आपले आपण वाढले. हा भेद कागदावर करतां येतो; तळ्याच्या कांठावर उभें राहून करूं म्हटल्यास येत नाहीं.

तर मग हीं तळीं कोणाचीं? राजाचीं म्हणावें, तर राजानें टोपलीभर मातीहि वाहिली नव्हती. बांधणाऱ्या पाटलाचीं म्हणावें, तर पाळीची माती डोक्यावरून वाहणाऱ्या शेंकडों माणसांपैकीं एकाचेंहि नांव आख्यायिकेंत उरलेलें नाहीं. इंग्रजी अमलानें हा गुंता आपल्या पद्धतीनें सोडविला. १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि पुढें जी जमाबंदी झाली तींत सारा गोळा करणाऱ्यासच मालगुजार या नांवानें गांवाचा मालक ठरविण्यांत आलें. गांवाबरोबर तळेंहि त्याच्या नांवावर चढलें.

मालगुजाराच्या कारकीर्दीचे गोडवे गाणारे लोक आजहि पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे तें इतकेंच, कीं त्या काळीं तळ्याची डागडुजी सहसा तुंबून राहात नसे. खेंकड्यानें पाळ पोंखरली आणि पाणी झिरपूं लागलें, तर त्याच रात्रीं माणसें चिखल व गवत घेऊन पाळीवर जात. कारण तळें फुटलें तर पहिलें भात बुडावयाचें तें मालगुजाराचें. त्याच्या राखण्यामागें परोपकारबुद्धि असावी लागत नव्हती. त्याचें ताटच तळ्यावर मांडलेलें होतें. परंतु जीं माणसें रात्रीं पाळीवर जात तीं स्वखुशीनें जात होतीं काय, हें हे स्तुतिपाठक विचारीत नाहींत. वेठ हा शब्द त्यांच्या आठवणींतून सोईस्करपणें गळालेला असतो. धीवरानें जाळें कोणत्या दिवशीं टाकावें आणि मासळींतला कोणता वाटा वाड्यावर पोंचवावा, हें वाड्याच्या मर्जीवर असे. राखीत होते अनेक आणि चाखीत होता मुख्यत्वें एक. म्हणजे आपल्या म्हणीस त्या सोन्याच्या दिवसांतहि धरूनच वर्तन होत होतें असें नाहीं.

म्हणून १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द केली (त्या वेळीं हे जिल्हे मध्यप्रदेशांत होते) आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे स्वामित्वाचे हक्क सरकारजमा झाले, हें न्यायाचेंच झालें. पुढें १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या, आणि ज्यांखालीं १०० हेक्टरांपर्यंत ओलित होतें अशीं तळीं त्यांच्याकडे आलीं. त्याहून मोठीं राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे राहिलीं. एका व्यक्तीची वस्तु सर्व जिल्ह्याची झाली. याहून उच्च ध्येय तें कोणतें असणार?

तरीहि कांहीं तरी हरपलें. कायद्यानें मालक बदलला, राखणदार मात्र कोणाच्याच नांवावर चढला नाहीं. मालकी ही एका सहीनें हस्तांतरित होते. निगा तशी होत नाहीं, कारण ती कागदावर कधीं नव्हतीच. पाळीवरच्या झाडाचें मूळ केव्हां तोडावें, सांडव्यावर फळी केव्हां चढवावी, पाणी प्रथम पाटाच्या शेवटच्या शेताला द्यावें कीं पहिल्या, हें सर्व लोकांच्या हातांत आणि भांडणांत साठविलेलें होतें. नव्या मालकानें पाणीपट्टी मागितली, तेव्हां शेतकरी म्हणाला कीं हें पाणी माझ्या आज्यानें अडविलें आहे, मी पट्टी कसली देऊं? आणि पाळीस भोंक पडलें तेव्हां तोच शेतकरी म्हणाला, तळें सरकारचें आहे, सरकार बुजवील. हीं दोन्ही वाक्यें एकाच तोंडून निघालीं याचें हंसूं येईल. पण त्यांत लबाडीपेक्षां गोंधळ अधिक आहे. आपलेपणा कायद्यानें काढून घेतला, आणि परकेपणा मात्र पुरता येऊं दिला नाहीं.

अधिकाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या अभियंत्याच्या हाताखालीं शेंकडों तळीं आहेत आणि ज्याची दोन-तीन वर्षांनीं बदली व्हावयाची आहे, त्यानें प्रत्येक तळ्याची नाडी जाणावी अशी अपेक्षा करणेंच अन्यायाचें. पाळ झिरपते असा अर्ज येतो. मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग मंजुरी, मग निविदा. आणि पाणी तर अर्ज वाचीत नाहीं. प्रत्येक पायरी प्रामाणिकपणासाठींच घातलेली आहे, हें मात्र विसरूं नये. दहाजणांच्या पैशास हात लावतांना दहा सह्या लागाव्या यांत वावगें कांहीं नाहीं. वावगें असेल तें एवढेंच, कीं त्या दहांपैकीं एकाच्याहि शेतांत तें पाणी जात नाहीं.

येथें आपल्या म्हणीशीं सरळ विरोध करणारें दुसरें एक तत्त्व उभें राहतें. सार्वजनिक वस्तूंचा कारभार पाहणारी संस्था ही मालक नसून विश्वस्त आहे, असें आपण मानतों. हा विचार पुरातन आहे: हवा, वाहतें पाणी व समुद्र हीं सर्वांचीं होत, असें सहाव्या शतकांतील जस्टिनियन बादशहाच्या विधिग्रंथांत नमूद आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं, हिमाचल प्रदेशांतील बियास नदीच्या कांठच्या एका विश्रामगृहासंबंधाच्या खटल्यांत, नैसर्गिक संपत्तीचें शासन हें विश्वस्त आहे असें स्पष्ट सांगितलें. आणि विश्वस्ताचा पहिला धर्म कोणता? १८८२ चा न्यासांसंबंधींचा कायदा म्हणतो कीं, विश्वस्तानें न्यासाची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठीं वापरतां कामा नये. म्हणजे तळें राखील त्यानें पाणी चाखूं नये! म्हण आणि कायदा यांनीं एकमेकांकडे पाठ फिरविलेली आहे.

दोहोंपैकीं खरें कोण? प्रथमदर्शनीं कायदाच खरा वाटतो. ज्याच्या जिभेस चव लागली त्याच्या हातून समान वाटणी होईल हा भरंवसा कोणीं द्यावा? गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें होतें, कीं सामाईक कुरणांत प्रत्येक गुराखी आपलें एक जनावर अधिक सोडणार आणि अखेर कुरणाचा नाश होणार; उपाय दोनच, एक तर कुरण खाजगी करा किंवा सरकारच्या ताब्यांत द्या. या निबंधाचा आधार घेऊन जगांतील कित्येक सामाईक वस्तु सामाईकपणांतून बाहेर काढण्यांत आल्या. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत स्वित्झर्लंडमधील पहाडी कुरणें, जपानांतील गांवरानें, स्पेनमधील कालवे अशीं उदाहरणें तपासून दाखविलें, कीं जेथें वापरणाऱ्यांनींच नियम केले आणि वापरणाऱ्यांनींच एकमेकांवर नजर ठेवली, तेथें सामाईक वस्तु शतकानुशतकें टिकल्या आहेत. २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून त्यांना मिळालें. व्हॅलेन्शिया शहरांत दर गुरुवारीं प्रार्थनामंदिराच्या दाराशीं पाण्याचें एक न्यायासन बसतें. न्याय देणारे स्वतः शेतकरीच असतात, आणि निकाल तोंडीं तेथल्या तेथें लागतो. चाखणारेच राखीत आहेत, आणि पाणी आटलेलें नाहीं.

एवढ्यावरून कित्येक विद्वान् असा निष्कर्ष काढतात, कीं जिल्हा परिषदेनें आपलें अंग काढून घ्यावें आणि तळें गांवाच्या स्वाधीन करावें. आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. व्हॅलेन्शियाच्या न्यायासनापुढें जे येतात ते सर्व एकाच जातीचे चाखणारे आहेत. सर्वांस शेतालाच पाणी हवें. आमच्या तळ्याची गोष्ट तशी नाहीं. ‘गांव’ हा शब्द उच्चारावयास सोपा आहे, पण त्याच्या आंत कोण कोण बसलें आहे हें पाहावयास हवें.

आश्विनांतला एक आठवडा घेऊं. पाऊस थांबला आहे, धान पोटरींत आहे, बांध्यांना भेगा पडूं लागल्या आहेत. शेतकरी तुडुम उघडतो. हें त्याचें करणें योग्यच. तळें बांधलेंच त्यासाठीं. पाणी दिवसेंदिवस उतरत जातें. तिकडे धीवरांच्या सहकारी संस्थेनें तळ्याचा ठेका घेऊन, त्याचे पैसे भरून, पावसाळ्यांत रोहू-कटल्याचें बोटुकलें सोडलें आहे. तो मासा विकण्याजोगा व्हावयास अजून तीन-चार महिने पाणी उभें राहिलें पाहिजे. शेतकऱ्याचें धान वांचलें तर धीवराचा मासा मरतो. धीवराचा मासा वांचवावा तर शेतकऱ्याचें धान करपतें. दोघेहि खरें बोलत आहेत, दोघांचेहि पोट तळ्यावर आहे, आणि दोघांच्याहि हातांत कागद आहे. अशा वेळीं प्रश्न ‘गांवानें’ सोडवावा म्हटलें, म्हणजे व्यवहारांत तो बहुसंख्य शेतकरी सोडविणार. धीवराचीं घरें गांवांत चार, तींहि बहुधा वेशीच्या बाहेरच्या बाजूस, आणि जमीन पुष्कळांस मुळींच नाहीं. मालगुजार एक होता, आतां त्याच्या जागीं पन्नास आले, एवढाच फरक धीवरास जाणवेल. मत मोजून न्याय होतो हा भ्रम सार्वजनिक वस्तूंच्या बाबतींत फार महागांत पडतो. सारसाला तर मतच नाहीं. आणि ज्यांचा जन्म अजून व्हावयाचा आहे त्यांनाहि नाहीं.

म्हणजे जी तटस्थता आपण मघाशीं जिल्हा परिषदेचा दोष म्हणून पाहिली, तीच येथें तिचा गुण ठरते. तिच्या शेतांत पाणी जात नाहीं म्हणूनच तिला दोन पाटांच्या मध्यें उभें राहतां येतें. वरच्या तळ्याच्या गांवानें सांडव्यावर भिंत चढविली आणि खालच्या गांवाचें तळें कोरडें राहिलें, तर खालच्यानें दाद कोणाकडे मागावी? एका गांवाच्या सीमेंत न मावणारा न्याय जिल्ह्याच्याच पातळीवर मिळूं शकतो.

पण ही तटस्थता कशासाठीं वापरावयाची याचा विसर पडला म्हणजे काय होतें, तें गाळाच्या उदाहरणावरून दिसेल. तळीं गाळानें भरलीं आहेत हें खरें, आणि २०१७ सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नांवानें राज्यांत योजना चालूं झाली तिचा उद्देशहि स्तुत्य. कंत्राटाच्या हिशेबांत गाळ म्हणजे इतके घनमीटर. यंत्र येतें, तळ सरसकट खरडून काढतें, बिल होतें. शेतकऱ्यास तो गाळ खत आहे. धीवरास मात्र तोच गाळ म्हणजे पाणवनस्पतींचें बीं, आणि पाणवनस्पति म्हणजे मरळीसारख्या देशी माशांचें घर व न्हाणीघर. एकाच ढेंकळास तीन नांवें. हिशेबांत एकच लिहितां येतें. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील धीवर मंडळींनीं कांहीं तळ्यांत याच्या उलट मार्ग धरिला. तळ्यांत माजलेली बेशरम (या झुडपास लोकांनीं दिलेलें नांव त्याच्या वागणुकीस साजेसें आहे) त्यांनीं मुळासकट उपटली, उन्हाळ्यांत तळाचा कांहीं भाग नांगरला, आणि कोणती वनस्पति कोणत्या खोलीस वाढते व कोणता मासा तिच्या आश्रयास येतो हें आपलें पिढ्यांचें ज्ञान उपयोगांत आणून देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या. मासे आणि पक्षी परतले. हें ज्ञान कोणत्याहि अंदाजपत्रकांत बसलें नसतें, आणि तें विकतहि मिळालें नसतें. तें त्यांच्याजवळ होतें, कारण ते तळ्याचें पाणी चाखीत आले होते.

तेव्हां म्हणींत जें सत्य आहे तें असें दिसतें: चाखणें हें राखण्याचें केवळ बक्षीस नसून तें राखण्याचें साधनहि आहे. ज्याला तळ्याची चव ठाऊक नाहीं त्याला तें बिघडलें हेंहि कळावयाचें नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनेंच द्यावे असें ठरलें, तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं आतां जंगल तुटणार. ग्रामसभेनें बांबू विकला, त्याचा हिशेब ठेवला, आणि जंगल राखलें. मात्र मेंढ्याचें जंगल एका गांवाच्या हद्दींत आहे आणि तेथील निर्णय सर्वसहमतीनें होतात, मतांच्या बेरजेनें नव्हे. हें दुसरें कलम गाळून जे लोक त्या गांवाचें उदाहरण देतात ते अर्धीच गोष्ट सांगतात.

आमच्या मतें चाखण्याचा अधिकार राखणाऱ्यांसच असावा, सर्व प्रकारच्या राखणाऱ्यांस, आणि त्यांत ज्याला जमीन नाहीं तोहि यावा. परंतु किती चाखावें याचें माप अशाच्या हातीं असावें कीं जो स्वतः चाखीत नाहीं. जिल्हा परिषदेचें खरें काम पाळ बांधण्याचें नाहीं, माप धरण्याचें आहे. आज बहुधा उलट होतें. बांधकामाचा पैसा तिच्या हातांत, आणि वांटणीचें भांडण ती गांवावर सोडून देते, कारण बांधकामाचें उद्घाटन होतें, वांटणीचें होत नाहीं. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवितां येतील अशा विषयांची २९ कलमांची यादी घटनेस जोडली. त्यांत लघुपाटबंधारे तिसरें आहे, आणि सामुदायिक मत्तेची निगा एकोणतिसावी, म्हणजे अगदीं शेवटची. हा क्रम योगायोगाचा असेल. व्यवहारांतला क्रम मात्र त्याहून निराळा नाहीं.

मापाचा हा प्रश्न पूर्वीं इतका तीव्र नव्हता, याचें एक कारण मोठें साधें आहे. तुडुमाचा जो उंबरा त्याच्या खालचें पाणी पाटानें बाहेर पडूं शकत नसे. शेतकऱ्यानें कितीहि मनांत आणलें तरी तेवढें पाणी तळ्यांत राहावयाचेंच. माशांचें, गुरांचें, पाखरांचें आणि चैत्र-वैशाखांत धुणें घेऊन येणाऱ्या बायांचें. ज्यानें तो उंबरा बसविला त्यानें हें जाणूनबुजून केलें कीं दगड तेथें बसत होता म्हणून केलें, कोण जाणे. पण मर्यादा दगडाची होती, तिच्याशीं वाद घालतां येत नव्हता. आतां विजेचा पंप आला आहे. त्याची नळी उंबऱ्याच्या खालीं सहज पोंचते, आणि रात्रींतून तळ दिसूं लागतो. जें काम दगड मुकाट्यानें करीत होता तें आतां कोणा माणसास करावें लागणार, आणि तेंहि शेजाऱ्याची मोटर बंद करून.

जिल्हा परिषदेच्या मत्तेच्या नोंदवहींत तळ्याचें क्षेत्र, पाळीची लांबी, ओलिताचे हेक्टर हे रकाने आहेत. वैशाखांत तळ्यांत किती पाणी राहिलें पाहिजे याचा एक रकाना तींत वाढविण्यास फारसा खर्च येणार नाहीं. तो भरावयाचा मात्र कचेरींत बसून नव्हे. तळ्यांत छातीभर पाण्यांत उभा राहून ज्यानें जाळें टाकिलें आहे त्यास, आणि शेजारीं ज्याचें धान उभें आहे त्यास, एका सतरंजीवर बसवून, दोघांच्या समक्ष आंकडा लिहावा लागेल. तो आंकडा दोघांसहि थोडा कमीच वाटेल. लिहिणाऱ्यास त्याच्यावर सही करून, पुढच्या आश्विनांत पाऊस थांबल्यावर, एखाद्या मध्यरात्रीं त्याच पाळीवर विजेरी घेऊन उभें राहावें लागेल.